मूकपटातली गिरणी आणि एक टोमणा

‘हिंडल वेक्स’ या गिरणीत काम करणाऱ्या मुलीवरच्या १९२७च्या ब्रिटिश मूकपटावर मी लिहिलं, त्याखाली तुमची प्रतिक्रिया आली: “गिरणीचा खडखडाट ज्याने आयुष्यात ऐकला नाही, तोच मूकपटातल्या गिरणीचं एवढं कौतुक करू शकतो.” शिवाय ब्लॅकपूल या समुद्रकाठच्या गावातला सुट्टीचा भाग म्हणजे जाहिरात, नायिकेचा लग्नाला नकार आजच्या विचारांचा, आणि गिरणी सुरुवातीनंतर गायब, असे आणखी तीन आक्षेप. त्यांचं बघू. पण पहिलं वाक्य आक्षेप नाही, टोमणा आहे. चित्रपट आवडला नाही तर तसं लिहा की. माझ्या आयुष्यात काय ऐकलं गेलं आणि काय नाही, हे तुम्हाला कोणी सांगितलं?

माझे वडील परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते, ८२च्या संपापर्यंत. ते घरात हळू बोलायला गेले तरी चाळीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं. सुरुवातीला आम्हाला वाटायचं चिडलेत. कान गेले होते. मात्र टीव्हीचा आवाज बंद असला तरी बातम्या देणाऱ्याचं निम्मं बोलणं ते ओठांवरून सांगत. तेव्हा खडखडाट म्हणजे काय हे निदान मला तरी शिकवू नका.

आणि खरा मुद्दा इथेच आहे, तो तुमच्याकडून निसटला. मागांच्या खात्यात आवाज इतका असतो की ऐकणं संपतं आणि बघणं सुरू होतं. इंग्लंडातल्या लँकेशायर या कापडगिरण्यांच्या भागातल्या विणकर बायका ओठ मोठाले हलवून एकमेकींशी बोलायच्या. तिथल्या बोलीत त्याला ‘मी-मॉ’ म्हणत. चार-चार माग सांभाळत पलीकडच्या मैत्रिणीशी गप्पा, त्याही एक अक्षर कानावर न पडता. मूकपटाचा प्रेक्षक दुसरं काय करतो? गिरणी दाखवायला मूकपटाइतकं सोयीचं माध्यम नाही, असं मी लिहिलं ते यासाठी. दिग्दर्शक मॉरिस एल्वीला हे कळलं होतं, म्हणून तो सुरुवातीला पायांवर कॅमेरा ठेवतो. कोण कामगार आणि कोण मालक, हे चेहऱ्याआधी पायांवरून समजतं. त्याला आवाज लागत नाही. तुम्हाला लागतो, तर लागो.

ब्लॅकपूलचा भाग लांबला आहे, हे मान्य. टॉवर बॉलरूममधला नाच थोडा कापला असता तरी चाललं असतं. पण ‘जाहिरात’? गावातल्या साऱ्या गिरण्या एकदमच बंद व्हायच्या, तो वेक्सचा आठवडा. त्याचा पगार मिळायचा नाही. वर्षभर पैसे बाजूला टाकून माणसं समुद्रावर जायची. अशा माणसांना बिग डिपर या रोलर कोस्टरमध्ये बसून ओरडावंसं वाटणारच.

नकाराबद्दल एवढंच. नायिका फॅनी मालकाच्या मुलाबरोबर लँडुड्नो या दुसऱ्या समुद्रकाठच्या गावी जाते, घरी मात्र मैत्रीण मेरीबरोबर असल्याची थाप मारते; मेरी बुडून मरते म्हणून ती थाप उघडी पडते, दोन्ही घरं लग्न ठरवतात आणि ती नाही म्हणते. हे ‘आजचे विचार’ स्टॅन्ली हॉटनच्या नाटकात आहेत, आणि ते नाटक १९१२चं. लँकेशायरमध्ये विणकामाचे दर १८९२पासून ठरलेले होते, बाई असो की पुरुष, नगामागे मजुरी तीच. स्वतःच्या कमाईवर उभ्या असलेल्या मुलीने अब्रू झाकण्यापुरता नवरा नाकारला, यात तुम्हाला नवल वाटत असेल तर मी काय करू?

राहिली गायब झालेली गिरणी. फॅनी घर सोडते आणि चित्रपट संपतो तेव्हा मागावर काम करत असते. तेवढं बघायला शेवटपर्यंत बसावं लागतं.