पाऊण तासाचं विमान, दोन दिवसांचं पाणी

सुट्टी आखणं हे सुट्टीवर जाण्यापेक्षा मोठं काम आहे, असं ज्यांना मनापासून वाटतं त्यांच्यासाठी हा मजकूर. बाकीच्यांनी पिशवी उचलून सरळ निघावं, त्यांना आमच्या सल्ल्याचा काही उपयोग नाही.

तर, पाण्याकाठचं एखादं शहर निवडा. समुद्र, खाडी, नदी, सरोवर, काहीही चालेल. फोटोत निळं दिसल्याशी कारण. प्रवास मात्र पाऊण तासाचाच हवा, कारण हातात शनिवार-रविवार एवढाच ऐवज आहे. आता हिशेब मांडा. आठचं विमान, पावणेनऊला तिथे, नऊला हॉटेल, सव्वानऊला पाय पाण्यात. हा हिशेब घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवा. विमानतळापर्यंतचा रस्ता, तपासणीची रांग, विमान सुटण्याच्या बऱ्याच आधी बंद होणारं गेट, सामानाच्या पट्ट्यावर हुबेहूब आपल्यासारखी दिसणारी परक्याची बॅग, यातलं काहीही त्यात धरू नका. धरलंत तर प्रवास पाच तासांचा होतो आणि घरातलं कुणीतरी 'मग रेल्वेने काय वाईट होतं?' असं विचारतं. अशा माणसाला पुढच्या चर्चेत घेऊ नये.

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे जगातलं सर्वांत छोटं नियमित उड्डाण आहे. अंतर पावणेतीन किलोमीटरच्या आसपास, हवेतला वेळ दीड-दोन मिनिटं, विक्रम ५३ सेकंदांचा. पट्टा तिथेही बांधावाच लागतो. तुम्ही इतकं ताणू नका, पण तिकिटावरचा वेळ म्हणजे निव्वळ उडण्याचा वेळ, ही श्रद्धा सोडू नका. प्रत्यक्षात तो विमान एका गेटवरून हललं की सुरू होतो आणि दुसऱ्या गेटला लागलं की संपतो. शिवाय विमान कंपन्या त्यात चार सैल मिनिटं आधीच घालून ठेवतात. म्हणून तर अर्धा तास उशिरा सुटलेलं विमान दहाच मिनिटं उशिरा पोचतं आणि आपण वैमानिकाच्या नावाने भरून पावतो.

तिकीट दिवसातल्या शेवटच्या विमानाचं काढा. तेच ते विमान सकाळपासून या गावाहून त्या गावाला हेलपाटे घालत असतं आणि प्रत्येक गावचा उशीर पुढच्या गावाला नेऊन पोचवतो. रात्री तुमच्यापर्यंत येताना त्याच्या गाठीशी दिवसभराची पुंजी जमलेली असते. पहाटेचं पहिलं विमान बहुतेकदा रात्रीच येऊन थांबलेलं असतं, त्यामुळे ते वेळेवर सुटण्याची भीती असते. आणि सुट्टीत कोण पहाटे उठतं?

खिडकीच्या जागेसाठी जादा पैसे भराच. उतरताना शहर आणि पाणी एकाच चौकटीत दिसेल अशी बाजू कोणती, यावर दोन रात्री अभ्यास करा. विमान वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उतरतं आणि पाण्याकाठी वारा दिवसभर एका बाजूने वाहत नाही, हे मात्र लक्षात घेऊ नका. उन्हाने जमीन पाण्याआधी तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि ती जागा भरायला दुपारी पाण्यावरचा गार वारा आत येतो. मग पुष्कळदा धावपट्टीचं टोकच बदलतं. डावीकडची जागा घेतलेल्यांना अशा वेळी गोदामांची पत्र्याची छपरं फार छान दिसतात. पलीकडच्या रांगेत जो झोपलाय, समुद्र त्याच्या खिडकीत असतो.

आंतरराष्ट्रीय प्रवास असेल तर दोनशे मिलिलीटरची सनस्क्रीनची बाटली हातातल्या बॅगेत टाका. 'अर्धीच तर भरलीय' हा युक्तिवाद तयार ठेवा. हातातल्या बॅगेत द्रवाची शंभर मिलिलीटरहून मोठी बाटली नको, हा नियम २००६ पासून जगभर पसरला. काही विमानतळांवर नव्या यंत्रांमुळे तो आता सैल झालाय, पण जिथे लागू आहे तिथे बाटलीचं माप बघतात, आतल्या मालाचं नाही. ही माहिती रांगेतच, मागच्या माणसाचे उसासे ऐकत मिळवण्यात वेगळी मजा आहे.

विमानतळही पाण्याकाठचाच असेल तर दुधात साखर. ओसाकाचा कान्साई विमानतळ १९९४ मध्ये समुद्रात भराव घालून केलेल्या बेटावर सुरू झाला. सप्टेंबर २०१८ मध्ये जेबी वादळाने धावपट्टीवर पाणी आणलं, एक भरकटलेलं टँकर जहाज बेटाला किनाऱ्याशी जोडणाऱ्या पुलावर जाऊन आदळलं आणि हजारो प्रवासी बेटावर अडकले. सी व्ह्यू मात्र चारही बाजूंनी आणि फुकट.

आता हॉटेल. इथे घाई नको, कारण खरं साहित्य हॉटेलांच्या वर्णनांतच लिहिलं जातं. 'समुद्रदर्शन' म्हणजे समुद्र दिसतो. 'अंशतः समुद्रदर्शन' म्हणजे बाल्कनीच्या कठड्याला एका हाताने धरून, शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी चुकवून, ज्याची मान लांब आहे त्याला दिसतो. 'समुद्राच्या सान्निध्यात' म्हणजे रात्री डास येतात. आणि 'किनाऱ्यापासून ६०० मीटर' हे अंतर ज्याने मोजलं तो बहुधा बगळा असावा. मधली खाडी, बंदराची भिंत आणि पलीकडच्या पुलापर्यंतचा वळसा बगळ्याला लागत नाही. तुम्हीही नकाशावर बोटाने सरळ रेघ ओढा आणि लगेच पैसे भरून टाका. रद्द केल्यास पैसे परत मिळणार नाहीत, तोच पर्याय निवडा. थोडा स्वस्त पडतो आणि निर्णय पक्का राहतो.

बरोबर येणाऱ्यांपैकी 'मला काहीही चालेल' म्हणणाऱ्याला खोली शेवटी दाखवा. त्याला ती चालणार नाही.

वेळापत्रक एक्सेलमध्ये करा आणि दोन्ही दिवशी 'दुपारी चार: समुद्र' अशी ओळ घाला. भरती-ओहोटीचा तक्ता उघडूही नका, त्याने मन विचलित होतं. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणजे भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण येतं, तेव्हा पाणी चढतंही जास्त आणि हटतंही जास्त. हे सगळं चंद्र-सूर्य ठरवतात आणि त्यांना आपली एक्सेल शीट कुणी पाठवलेली नसते. परिणामी चार वाजता तुम्ही टॉवेल खांद्यावर टाकून पोचाल तेव्हा समोर चिखल, कलंडलेल्या होड्या आणि निवांत खेकडे असतील. पाणी क्षितिजाजवळ कुठेतरी चमकत असेल.

उलट पाणीच भेटायला यावं असं वाटत असेल तर व्हेनिस आहे. १२ नोव्हेंबर २०१९ च्या रात्री तिथली भरती मापकावर १८७ सेंटिमीटरपर्यंत चढली होती आणि पाणी सेंट मार्कच्या चर्चमध्येही शिरलं होतं. एका दिवसापुरतं येणाऱ्यांकडून ठरावीक दिवशी प्रवेशशुल्क घ्यायला त्या शहराने २०२४ मध्ये सुरुवात केली आणि २०२५ मध्ये ऐनवेळी ठरवणाऱ्यांसाठी ते दुप्पट केलं. तेव्हा ऐनवेळीच ठरवा.

समुद्रातून वर येणारा सूर्य बघण्यासाठी पहाटे साडेपाचचा गजर लावा. किनारा पश्चिमेकडे तोंड करून बसला असेल तर सूर्य हॉटेलच्या मागून, कचऱ्याच्या डब्यांवरून उगवेल. त्याचाही फोटो काढा, पुरेसा जवळून घेतला तर कुणाला कळत नाही. आभाळ पातळ ढगांनी भरलेलं असेल तर सनस्क्रीनची गरज नाही, तशीही ती विमानतळावरच राहिली. अशा ढगांतून नव्वद टक्क्यांहून जास्त अतिनील किरण खाली येतात, पण ते दिसत नाहीत. रात्री पाठ टेकवताना कळतं.

पोहायला उतरताना लाल बावट्याला फोटोची पार्श्वभूमी समजा. दोन्हीकडे लाटा फुटताहेत आणि मधली पट्टी गुळगुळीत, शांत आहे? तीच आपली जागा. किनाऱ्यावर चढलेलं पाणी पुष्कळदा तिथूनच जोरात आत परतत असतं, म्हणून ती शांत दिसते. त्यात सापडलेल्यांनी ओढीशी झुंजू नये, किनाऱ्याला समांतर पोहून बाहेर पडावं, असं जीवरक्षक सांगत असतो. पण त्याला सुट्टी कुठे कळते, तो तर कामावर आहे.

परतीच्या विमानाची वाट बघत गेटवर बसाल तेव्हा (शेवटचंच विमान घेतलंय ना?) वेळ भरपूर मिळेल. तो अभिप्राय लिहिण्यात घालवा. हॉटेलला दोन तारे, समुद्राला तीन. कारण विचारलं तर स्पष्ट लिहा: दृश्य चांगलं आहे, पण शनिवारी चार वाजता समुद्र जागेवर नव्हता आणि चौकशी करायला तिथे कुणी जबाबदार माणूस भेटला नाही.