बॉलीवूड पार्क बुडालं, आता अबूधाबीत डिझनी येतंय, तर थोडा हिशोब मांडतो

७ मे २०२५ ला अबूधाबीत डिझनीलँड येणार म्हणून बातमी आली आणि तेव्हापासून पुणे, ठाणे, कोल्हापूर सगळ्या ग्रुपवरून मला तोच प्रश्न, तू तिकडेच असतोस ना, चालेल का रे ते? म्हटलं एकदाच लांबलचक लिहून टाकतो, परत परत व्हॉइस नोट पाठवायला नकोत.

माझं मत: चालेल. पण "डिझनी आहे म्हणजे चालणारच" असं जे सगळे म्हणतायत ना ते मला पटत नाही. मिकी माऊसचं नाव असूनही पार्क कर्जात गळ्यापर्यंत बुडू शकतं, पॅरिसला झालंय तसं, त्यावर खाली येतो. त्याआधी इथं आमच्या दुबईत काय झालं ते बघा, कारण तिथं लोकांचे खरे पैसे गेलेत आणि आता त्याबद्दल कुणी बोलत पण नाही.

दुबई पार्क्स अँड रिसॉर्ट्स. शेख झायेद रोडने अबूधाबीकडे निघालात की जबल अलीच्या पुढे डाव्या हाताला लागतं, पार शहराच्या टोकाला. अडीच कोटी स्क्वेअर फूट जागा. त्यात मोशनगेट (हॉलीवूडवालं), लेगोलँड, लेगोचंच वॉटर पार्क आणि आपलं बॉलीवूड पार्क्स, मध्ये रिव्हरलँड नावाचा खाण्यापिण्याचा रस्ता आणि शेजारी हॉटेल. २०१६ च्या ऑक्टोबरअखेरपासून दोन-तीन महिन्यांत जवळजवळ सगळं उघडलं. खर्च साधारण १,०५० कोटी दिरहम, तेव्हा दिरहम अठरा रुपयांच्या आसपास होता म्हणजे जवळजवळ १९ हजार कोटी रुपये. एवढं सगळं एकाच वेळी, एकाच ठिकाणी, एकाच हंगामात उघडायचं धाडस मला तेव्हाही कळलं नव्हतं. एक पार्क उघडा, चालवा, चुका कळू द्या, मग दुसरं. पण नाही.

बॉलीवूड पार्क मी सासरच्या मंडळींना घेऊन बघितलंय आणि खरं सांगतो, वाईट अजिबात नव्हतं. मुंबई चौक नावाचा भाग, शोले आणि क्रिशच्या नावाच्या राइड्स, राजमहाल थिएटर, तिथला तो मोठा नाचगाण्याचा शो तर एक नंबर. सासूबाई खूश, पोरं खूश, आणि कुठंही रांग नाही! आम्ही एकाच राइडला उतरून परत बसत होतो. बायको म्हणाली किती छान ना गर्दीच नाहीये, आणि मी अकाउंट्सवाला माणूस, माझ्या डोक्यात तेव्हाच चक्र सुरू झालं की बाबा हे नाचणारे, राइड चालवणारे, झाडू मारणारे, एसी, वीज हे सगळं आमच्यासारख्या मूठभर लोकांच्या तिकिटावर चाललंय का?

चालत नव्हतंच. २०१७ या पहिल्या पूर्ण वर्षासाठी त्यांनी आधी जे टार्गेट सांगितलं होतं ते ६७ लाख व्हिजिट्सचं. झाल्या किती, २३ लाख. आणि हे व्हिजिट्स आहेत बरं का, माणसं नाहीत, म्हणजे एकाच कुटुंबाने दोन दिवसात दोन पार्क बघितले तर ते दोनदा मोजले जातं. मंगल कार्यालय हजार माणसांचं घेतलं, आचारी हजार माणसांचा लावला आणि पंगतीला साडेतीनशे बसले, तसं झालं ते, फक्त रोज. त्या वर्षी तोटा ११० कोटी दिरहम. पुढच्या वर्षी व्हिजिट्स वाढून २८ लाख झाल्या, म्हणजे धंदा थोडा सुधारला, पण तोटा उलट वाढून २७० कोटी दिरहम! हे बघून बरेच जण गोंधळले होते. त्यात गंमत अशी की बांधलेल्या पार्कची किंमत पुस्तकात जेवढी लिहिली होती तेवढी राहिलेली नाही हे कबूल करून मोठी रक्कम त्या वर्षी खर्ची टाकली गेली. साध्या भाषेत, आपण जे एवढ्याला बांधलं ते तेवढ्याचं नव्हतंच हे कंपनीने दोन वर्षांत कागदावर मान्य केलं.

आता लोक का आले नाहीत? इथं सगळे म्हणतात गरमी. गरमी आहेच, जुलै ऑगस्टमध्ये जबल अलीच्या किनाऱ्यावरची ती दमट हवा, घराच्या दारातून गाडीपर्यंत जाताना शर्ट भिजतो, त्यात उघड्यावरचं पार्क कोण बघणार. पुढे पुढे तर बॉलीवूड पार्क संध्याकाळचंच उघडायचं. पण गरमी काय २०१६ ला नवीन आली नव्हती ना, किती लोक येतील याचं प्रोजेक्शन करणाऱ्यांना माहीत होती की.

मला विचाराल तर खरा घोळ गिऱ्हाईक ओळखण्यात झाला. यूएईत दर तीन माणसांमागे साधारण एक भारतीय, मग बॉलीवूडचं पार्क तर धो धो चालणार, असं कुणीतरी एक्सेल शीटमध्ये गुणाकार करून ठेवला. पण हे भारतीय कोण आहेत? त्यातला मोठा भाग लेबर कॅम्पमध्ये किंवा बेड-स्पेसवर (खोलीतली नुसती एक खाट भाड्याने) राहतो आणि पगार झाला की आधी घरी पैसे पाठवतो. त्याच्या वरचा आमच्यासारखा मध्यमवर्ग, करामा, बर दुबई, शारजा इथं राहणारा. सुरुवातीला बॉलीवूड पार्कचं एका दिवसाचं तिकीट होतं २८५ दिरहम. चौघांचे अकराशे चाळीस, वर पेट्रोल, वर आतलं खाणं. मेट्रो तिथवर जात नाही, शारजाहून निघालात तर ट्रॅफिक धरून येता-जाता तीन तास गेले. एवढ्यात आम्ही ऑफ सीझनला मुंबईचं एक तिकीट काढतो हो!

याच्या उलट दुबईतलंच ग्लोबल व्हिलेज बघा. फक्त थंडीच्या हंगामात चालू, हल्ली साधारण ऑक्टोबर ते मे, बाकी वेळ कुलूप. तिकीट त्या काळात पंधरा दिरहमच्या आसपास. आत गेलं की वेगवेगळ्या देशांचे मंडप, कपडे, मसाले, मक्याचं कणीस, गाणी, राइडचे पैसे हवे तर वेगळे. एका हंगामात ५० लाखांच्या वर लोक येतात. आम्ही मराठी लोक पण हंगामात दोन-तीनदा सहज जातो, पाहुणे आले की तर नक्कीच. तिथं पुन्हा पुन्हा जाणारा माणूस मिळतो आणि थीम पार्कचा सगळा धंदा त्याच्यावरच उभा असतो. पर्यटक एकदाच येतो, पास काढून दर महिन्याला येणारा लोकल माणूसच पगार निघू देतो.

आणि पर्यटकांचं म्हणाल तर मुंबईहून आलेल्या माणसाने पाच हजार रुपये भरून मुंबई चौक का बघावा, हे मला आजवर कुणी नीट समजावलेलं नाही. त्याला बुर्ज खलिफा बघायचाय, डेझर्ट सफारी करायचीय, गोल्ड सूकला जायचंय. चार-पाच रात्रींच्या टूर पॅकेजमध्ये एक पूर्ण दिवस शहराबाहेर द्यायला टूरवाले पण नाखूश असणार. त्यात तेव्हा तेलाचे भाव पडलेले, कंपन्यांनी माणसं कमी केलेली, दिरहम डॉलरला बांधलेला आणि डॉलर महाग, म्हणजे बाहेरच्यांसाठी दुबईच महाग, वर जानेवारी २०१८ पासून ५ टक्के व्हॅट. सगळं एकदमच आलं.

पण एवढं असूनही पार्क तग धरू शकलं असतं, धरलंच असतं, जर ते कर्जावर आणि शेअर बाजारावर उभं नसतं तर. हा माझा मुख्य मुद्दा. डिसेंबर २०१४ मध्ये ही कंपनी दुबईच्या शेअर बाजारात आली, एक दिरहमला शेअर, साधारण २५० कोटी दिरहम गोळा केले. म्हणजे पार्क उघडायच्या आधीच सामान्य माणसाकडून पैसे. मग सिक्स फ्लॅग्ज (अमेरिकेतली थीम पार्कची कंपनी) आणायचं म्हणून २०१६ मध्ये राइट्स इश्यू काढून शेअरहोल्डरांकडून अजून पैसे घेतले. फेब्रुवारी २०१९ मध्ये सांगितलं की फंडिंग उपलब्ध नाही, सिक्स फ्लॅग्ज रद्द. मधल्या काळात नाव बदलून डीएक्सबी एंटरटेनमेंट्स केलं (नाव बदललं की तोटा कमी होतो असं काहींना वाटतं बहुतेक), २०१८ ला बँकांबरोबर ४२० कोटी दिरहमच्या कर्जाची फेरमांडणी झाली, हप्त्यांना सवलत मिळाली. आणि मग कोविड. शेवटी मेरास या सरकारी गटाच्या कंपनीने, जी मुळात मुख्य मालक होतीच, उरलेले शेअर विकत घ्यायची ऑफर दिली. भाव? ८ फिल्स. शंभर फिल्सचा एक दिरहम. १ दिरहमला घेतलेला कागद ८ फिल्सला. २०२१ मध्ये कंपनी बाजारातून बाहेर.

पार्क मात्र तिथंच आहे! मोशनगेट चालू, लेगोलँड चालू, शेजारी लेगोचं हॉटेल पण उघडलं. म्हणजे बांधकाम वाचलं, जमीन वाचली, दुबईच्या पर्यटनाच्या जाहिरातीत फोटो आले ते वेगळेच, आणि बिल फाडलं ते छोट्या शेअरहोल्डरच्या नावावर आणि काही प्रमाणात बँकांच्या. असलं पार्क शहराला फायद्याचं असतं, हॉटेलं भरतात, विमानं भरतात, आजूबाजूच्या जागेचा भाव वाढतो, पण तो फायदा पार्कच्या ताळेबंदात कधी येतच नाही. मग ज्याला तो फायदा मिळतो त्यानेच पैसे घालावेत, एवढं साधं आहे. मेरास किंवा सरकारने पहिल्या दिवसापासून स्वतःच्या खिशातून केलं असतं तर मी आज एक शब्द बोललो नसतो.

आपल्याकडे हसायला जागा नाही, खोपोलीचं इमॅजिका आठवा. २०१३ ला उघडलं, राइड्स चांगल्या, मुंबई-पुण्याच्या बरोबर मध्ये, २०१५ ला आयपीओ पण आला. डोक्यावर हजार कोटींच्या वर कर्ज, व्याज भरता भरता दम निघाला. २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणींनी घेतलं, बँकांनी बऱ्याच रकमेवर पाणी सोडलं आणि मग तेच पार्क, त्याच राइड्स, नफ्यात. पब्लिक तेच, एक्सप्रेसवे तोच.

बॉलीवूड पार्कच्या नशिबी ते आलं नाही. शेवटच्या काळात त्यांनी बरेच हातपाय मारले, २०२१ मध्ये ४६० फुटांचा जगातला सगळ्यात उंच झुला लावला, पण एप्रिल २०२३ मध्ये बंद म्हणून जाहीर केलं आणि एप्रिल २०२४ मध्ये त्याच जागी रियल माद्रिद वर्ल्ड उघडलं. फुटबॉल क्लबचं थीम पार्क. गंमत वाटते मला, ज्या जागी हिंदी गाण्यांवर नाच चालायचा तिथं आता स्पॅनिश क्लबच्या जर्सी. वाईट पण वाटतं, कारण तिथले कलाकार, डान्सर भरपूर भारतातून आलेले होते.

पुढचं काय? दुबई पार्क्सचं भविष्य मला तरी आता बरं दिसतंय आणि त्याचं श्रेय पार्कला नाहीच. शहरच त्या बाजूला सरकतंय. समोरचं पाम जबल अली, समुद्रात भर घालून केलेलं बेट, वर्षानुवर्षं नुसती वाळू होती, २०२३ ला परत सुरू केलं. अल मकतूम विमानतळाच्या १२,८०० कोटी दिरहमच्या टर्मिनलला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, तो पण त्याच बाजूला. दहा-बारा वर्षांनी हे पार्क शहराच्या टोकाला राहणार नाही. २०१६ ला प्रोजेक्शन करणाऱ्यांना हेच दिसत होतं बहुतेक, फक्त बँकेचा हप्ता दहा वर्षं थांबत नाही.

आता डिझनी. यास आयलंडवर होणार, जिथं फेरारी वर्ल्ड २०१० पासून आहे, वॉर्नर ब्रदर्स २०१८ पासून, सीवर्ल्ड २०२३ पासून. हे एकेक करून, काही वर्षं सोडून आणि बरंचसं छताखाली, एसीत बांधलेलं. मी वर जे म्हटलं ना की एक चालवा मग दुसरं, ते त्यांनी केलं. आणि कराराची मुख्य गोष्ट, पार्क बांधणार, पैसे घालणार आणि चालवणार ती अबूधाबीची मिराल नावाची कंपनी. डिझनी डिझाइन देणार, नाव देणार आणि रॉयल्टी घेणार. स्वतःचा पैसा घालणार नाही. डिझनीवाले वेडे नाहीत. १९८३ ला उघडलेल्या टोकियोच्या पार्कसाठी त्यांनी असाच करार केला होता, मालक जपानी कंपनी, डिझनीला रॉयल्टी, आणि ते पार्क जोरात चाललं. तेव्हा त्यांना वाटलं अरे आपण मालकी घ्यायला हवी होती. म्हणून १९९२ मध्ये उघडलेल्या पॅरिसच्या पार्कात ४९ टक्के मालकी घेतली, बाकी शेअर युरोपातल्या पब्लिकला ७२ फ्रँकने विकले, भरपूर कर्ज, भरपूर हॉटेलं, आणि उघडल्यावर मंदी. १९९३ ला ५३० कोटी फ्रँक तोटा, १९९४ ला बंद पडायची वेळ, मग बँकांनी व्याज सोडलं, सौदीचा राजपुत्र अल वलीद पैसे घेऊन आला. त्यानंतरही वर्षानुवर्षं कर्ज फिरवत बसले आणि २०१७ मध्ये डिझनीने उरलेले शेअर २ युरोने घेऊन कंपनी बाजारातून काढली. दुबईची गोष्ट त्याच्या पंचवीस वर्षं नंतरची आहे फक्त.

म्हणून म्हणतो अबूधाबीचं चालेल. तोटा झाला तरी चालेल, कारण तो सोसणारा खिसा तेलाचा आहे आणि त्याला तिमाहीचे आकडे कुणाला दाखवायचे नाहीत. तिकीट काय असेल देव जाणे, आमच्या घरातली पोरं तोपर्यंत कॉलेजात असतील.

एक विचारायचं होतं, २०१४ च्या त्या आयपीओत इथल्या मराठी मंडळींपैकी कुणी पैसे लावले होते का? माझ्या ओळखीत एक-दोघं आहेत पण विषय काढला की चहा मागवतात. ८ फिल्सने खरंच विकले की कसं, प्रोसेस काय होती, कुणाला माहीत असेल तर कमेंटमध्ये लिहा. आणि ज्यांना डिसेंबरात यायचंय त्यांनी तारखा लवकर कळवा, माझ्याकडे एकच जादा खोली आहे.