सावर्ड्याच्या धुळीतून एक उत्तर

प्रतिक्रिया मिळाली. खाली नाव नाही, असो. लोहखनिजाच्या निर्यातशुल्कावर मी लिहिलेल्या लेखाला (हे शुल्क ठरवताना खाणीलगतच्या शेतांचा विचार होत नाही, असं त्यात म्हटलं होतं) तुमचा आक्षेप थोडक्यात असा: गोव्याचं 58 टक्क्यांहून कमी लोह असलेलं खनिज इथल्या पोलाद कारखान्यांना नको असतं, ते चीनला विकलं नाही तर नुसता ढिगारा उरतो, खाणबंदीने हजारो घरं बसली, आणि ‘पुण्यात एसीत बसून पर्यावरण शिकवणं सोपं असतं’.

एक मान्य. ‘सगळं खनिज चीनला’ हे मी सैल लिहिलं होतं. जपानलाही जायचं, किंबहुना चीनच्या कितीतरी आधी. तेवढं दुरुस्त केलंय.

आता एसी. माझ्या घरात तो नाही, पण ते जाऊ दे. माझा जन्म गोव्याच्या खाणपट्ट्यातल्या सावर्ड्याचा. आमचं घर ट्रकांच्या रस्त्याला लागून. टिप्परांची रांग सुरू झाली की आई दारं-खिडक्या लावून घ्यायची, तरी संध्याकाळी भाताच्या टोपाच्या झाकणावर तांबडा थर असायचाच. शाळेचा पांढरा सदरा आठवडा संपेपर्यंत विटकरी होई. काकांनी कर्ज काढून टिप्पर घेतला होता आणि माझ्या कॉलेजचे पैसे त्याच टिप्परने भरले. खाणीचं मीठ मीही खाल्लंय, साहेब. उगाच मला बाहेरचा ठरवू नका.

आमच्या शेताच्या वरच्या अंगाला डंप होता, म्हणजे खाणीतून उपसलेल्या टाकाऊ मातीचा ढीग. टनभर खनिजामागे अडीच-तीन टन माती उपसावी लागते, हे तुम्हाला मी सांगायला नको. पहिला मोठा पाऊस पडला की ती ओहळातून खाली यायची. फाळ त्या चिकट लगद्यात रुतायचा आणि उन्हं पडली की तीच माती कौलासारखी कडक. कंपनी दरवर्षी नुकसानभरपाई द्यायची. आजोबा सही करून पैसे आणायचे, आणि दरवर्षी भाताचं पोतं एखाददुसरं कमी भरायचं. ही भरपाई कुणी ठरवली, कशावरून ठरवली, ते घरात कधी कुणाला कळलं नाही. आणि हे ज्याने पाहिलंय त्याला तुम्ही ‘शिकवतो’ म्हणता!

लेखात मी एवढंच म्हटलं होतं की दिल्लीत शुल्क ठरवताना या शेताचा विचार कधीच झाला नाही. 2011 च्या डिसेंबरात 30 टक्के लावलं, 2016 मध्ये कमी प्रतीच्या खनिजावर शून्य केलं, मे 2022 मध्ये त्याच खनिजावर एकदम 50 टक्के, नोव्हेंबरात पुन्हा शून्य. मे महिन्यात कारण होतं देशातल्या पोलादाचा भाव, नोव्हेंबरात निर्यातदारांची ओरड. विक्रीच्या रकमेतले 10 टक्के पुढच्या पिढ्यांसाठीच्या निधीत टाकायला 2014 मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं. ते कुठल्या मंत्रालयाला सुचलं नव्हतं. याला तुमच्या प्रतिक्रियेत एका ओळीचं उत्तर नाही.

घरं बसली म्हणता, ते खरंच आहे. आमच्या काकांचा टिप्परही अंगणात उभा राहिला. पण बंदी मी घातली नाही. लीज, म्हणजे खाणींचे भाडेकरार, 22 नोव्हेंबर 2007 ला संपल्या आणि उपसा तरी चालूच होता, तो कोर्टाने बेकायदा ठरवला. राग तिकडे काढा. बंदीनंतर मजुरांचं काय, हा मोठा विषय आहे, त्यावर कधीतरी सवडीने लिहीन.

कमी प्रतीचं खनिज इथे कामाचं नाही म्हणता, तर ते धुऊन, समृद्ध करून त्याचे पेलेट, म्हणजे भट्टीत घालायच्या छोट्या गोळ्या, बनवणारे कारखाने देशात आहेत. परवडत नाही म्हणा हवं तर, जमत नाही म्हणू नका. जुन्या डंपमधलं खनिज काढून विकण्याबद्दल तुम्ही शेवटी जे दोन परिच्छेद लिहिलेत, तो माझ्या लेखाचा विषयच नव्हता, तेव्हा त्यावर इथे वाद घालणार नाही.