परवाना, न्यायालय आणि लूट : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

डच वेस्ट इंडिया कंपनीचा नौसेनापती पीट हाइन याच्यावरील माझ्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया काळजीपूर्वक वाचली. हाइनने १६२८ मध्ये क्युबाच्या मातान्झास उपसागरात स्पेनचा चांदीचा ताफा पकडला ती उघडउघड चोरी होती, सरकारी परवाना हा त्या चोरीवर मारलेला शिक्का होता, आणि मी तिला युद्धातील कामगिरी म्हटले व कॅरिबियनमधल्या डच दर्यावर्दी लुटारूंनाही त्याच पंगतीत बसवले, असे आपले म्हणणे आहे. कान्होजी आंग्रे यांना युरोपीय लेखकांनी अशी सवलत का दिली नाही, असेही आपण शेवटी विचारले आहे.

डच प्रजासत्ताक आणि स्पेन यांच्यातील बारा वर्षांचा तह १६२१ मध्ये संपला, युद्ध पुन्हा पेटले, आणि त्याच वर्षी वेस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली. स्पेनच्या अमेरिकेतील उत्पन्नावर घाव घालणे हा त्या कंपनीचा एक जाहीर हेतू होता, कारण नेदरलँडमध्ये लढणाऱ्या स्पॅनिश फौजेचा पगार मोठ्या अंशी त्याच उत्पन्नातून निघत असे. शत्रूची जहाजे पकडण्याची मुभा देणे एवढ्यावरच परवान्याचे काम थांबत नसे. खासगी लढाऊ जहाजाच्या मालकाला आधी जामीन द्यावा लागे, पकडलेले जहाज मायदेशी बंदरात आणावे लागे, अ‍ॅडमिरल्टीच्या (नौदल आणि सागरी लूट यांचा कारभार पाहणाऱ्या खात्याच्या) न्यायालयाने ते वैध ठरवेपर्यंत माल विकता येत नसे, आणि त्यानंतरही सरकारचा व नौसेनाप्रमुखाचा हिस्सा आधी कापला जाई. तटस्थ व्यापाऱ्याचे जहाज चुकून पकडले गेले, तर त्याला दाद मागायला जागा असे. चाच्याकडे दाद कोणापुढे मागणार?

मातान्झासची लूट सुमारे १ कोटी १५ लाख गिल्डरची (गिल्डर हे डच चलन) होती. भागधारकांना ५० टक्के लाभांश मिळाला, खलाशांच्या वाट्याला मात्र सुमारे दीड वर्षाच्या पगाराइतकीच रक्कम आली आणि ते चिडले. (ज्याने जीव धोक्यात घातला त्याला पगार आणि ज्याने अ‍ॅमस्टरडॅममध्ये बसून पैसे गुंतवले त्याला नफा, ही वाटणीच हा उद्योग किती व्यवस्थित चालवलेली कंपनी होता ते सांगते.) आपला नैतिक आक्षेप मला मान्य आहे, फक्त त्याचा रोख उपसागरातल्या त्या दिवसावर नसून पुढच्या वर्षांवर असायला हवा. त्या दिवशी फारशी लढाई झाली नाही आणि शरण आलेल्या खलाशांना सोडून देण्यात आले. १६३० मध्ये कंपनीने ब्राझीलमधील पर्नाम्बुकोवर जी स्वारी केली तिला याच पैशाचे बळ होते. तिथल्या उसाच्या मळ्यांना मजूर हवे म्हणून कंपनीने १६३७ मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील एल्मिनाचा किल्ला घेतला आणि गुलामांच्या व्यापारात पाय रोवले. सुटा लुटारू इतके दूरगामी नुकसान करू शकला नसता.

परवाना म्हणजे मागाहून मारलेला शिक्का, हे आपले वर्णन हाइनला लागू पडत नसले तरी डच कप्तान याकोब व्हान हेमस्केर्कला तंतोतंत लागू पडते. त्याने २५ फेब्रुवारी १६०३ रोजी सिंगापूरजवळ, जोहोर नदीच्या मुखाशी, ‘सांता कातारिना’ हे पोर्तुगीज जहाज पकडले. त्यातील चिनी रेशीम आणि चिनी मातीची भांडी यांना लिलावात ३० लाखांहून अधिक गिल्डर आले. त्याच्या अधिकारपत्रात मात्र स्वसंरक्षण आणि झालेल्या हानीची भरपाई एवढ्यापुरतीच बळाची मुभा होती. पोर्तुगिजांनी मकावमध्ये १७ डच खलाशांना ठार मारले होते, त्याचा आधार घेऊन अ‍ॅमस्टरडॅमच्या न्यायालयाने सप्टेंबर १६०४ मध्ये ही लूट वैध ठरवली आणि मग तिचे सैद्धांतिक समर्थन लिहिण्याचे काम तरुण डच कायदेपंडित ह्यूगो ग्रोशियसकडे आले. समुद्र सर्वांना खुला आहे हा त्याचा सुप्रसिद्ध सिद्धांत १६०९ मध्ये छापला गेला, तो याच वकिली लेखनाचा एक भाग होता. विशेष म्हणजे डच ईस्ट इंडिया कंपनीच्या काही मेनोनाइट (हिंसा निषिद्ध मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या) भागधारकांना हा पैसा धर्मबाह्य वाटला. म्हणजे आपण आज घेतलेला आक्षेप त्या काळीही घेतला गेला होता.

कॅरिबियनमधील डच लुटारूंची गोष्ट निराळी आहे आणि त्यांना मी हाइनच्या पंगतीत बसवलेले नाही. लॉरेन्स द ग्राफ आणि निकोलास व्हान होर्न हे जन्माने डच होते, एवढाच त्यांचा त्या प्रजासत्ताकाशी संबंध. मे १६८३ मध्ये त्यांनी फ्रेंच साथीदारांसह मेक्सिकोतील व्हेराक्रूझ लुटले, रहिवाशांना चर्चमध्ये डांबले आणि कृष्णवर्णीय लोकांना गुलाम म्हणून पळवून नेले. तेव्हा स्पेन आणि डच प्रजासत्ताक यांच्यात १६४८ पासून शांतता होती आणि कोणत्याही डच न्यायालयाने ती लूट वैध ठरवली नसती. लुटीनंतर दोघांत द्वंद्व झाले आणि व्हान होर्न त्या जखमेने मेला. भांडण मिटवायला त्यांच्याकडे तलवारीखेरीज दुसरी सोय नव्हती.

आता आंग्र्यांविषयी. दुटप्पीपणाचा आपला आरोप रास्त आहे, आणि त्याला डचांचाच दाखला देता येतो. स्पेनच्या ताब्यातील डंकर्क बंदराच्या खासगी लढाऊ जहाजांकडे स्पेनच्या राजाचे रीतसर परवाने होते, तरी त्यांचे पकडलेले खलाशी डच लोक समुद्रात फेकून देत. १६२९ मध्ये खुद्द हाइन याच प्रकारच्या जहाजांशी लढताना पडला. आपल्या किनाऱ्यावरही पोर्तुगिजांचा कार्ताझ (समुद्रात जहाज नेण्याचा परवाना) जवळ नसलेले जहाज जप्त होई, आणि गोव्याची नाकेबंदी करण्यासाठी डचांनी आदिलशाही मुलखातील वेंगुर्ल्यात वखार घातली, तेव्हा तेही तिथे येणारी-जाणारी जहाजे पकडतच होते. सरखेल कान्होजींचे दस्तक (जहाजांना दिलेले परवानापत्र) हे हाइनच्या परवान्यापेक्षा कार्ताझच्या अधिक जवळचे आहे : छत्रपतींच्या आरमारप्रमुखाने आपल्या किनाऱ्यावर वसूल केलेला हक्क. ते नाकारून जहाज हाकारणाऱ्या इंग्रजांनी पुढे त्यांना चाचा ठरवले, यात कायद्याचा भाग थोडा आणि मुंबईच्या व्यापाराचा भाग मोठा होता.