संगणकावर एक कुटुंब मोफत

आपण नवा संगणक घरी आणला, देवासमोर ठेवून त्याला हळदकुंकू लावले, बटण दाबले आणि पडद्यावर एका अनोळखी बाळाच्या बारशाचा फोटो उमटला, तर कृपया दचकू नये. आपण पैसे मोजले ते केवळ यंत्राचे; दुकानदाराने त्यावर एक अख्खे कुटुंब फुकट दिले. बेळगावच्या बाजारात हल्ली भाजीवर कढीपत्त्याची काडीसुद्धा फुकट मिळत नाही, हे ध्यानात घेता या सौद्याबद्दल कृतज्ञ राहणेच सभ्यपणाचे ठरेल.

मी हे अनुभवाने सांगतो आहे. गावातल्याच एका दुकानातून मी लॅपटॉप घेतला तेव्हा खोक्याला सील होते, पावतीवर 'नवा' असे लिहिलेले होते आणि माझा जुना संगणक त्याच दुकानदाराने एक्स्चेंजमध्ये अडीच हजाराला ठेवून घेतला होता. तो देण्यापूर्वी त्यातील झाडून सगळ्या फाइली उडवून वर रिसायकल बिनही रिकामे करण्याइतका मी सावध माणूस आहे. नव्या लॅपटॉपचे आधीचे मालक मात्र तितके सावध नसावेत, कारण 'घरचे' नावाच्या फोल्डरात चार जणांची आधार कार्डे, दोन पॅन कार्डे, पासबुकाची पहिली पाने, आजोबांचा ईसीजी आणि मुलीच्या स्थळांसाठी केलेला बायोडाटा असा सगळा संसार नीट लावून ठेवलेला होता. बायोडाट्याच्या तीन आवृत्त्या होत्या आणि प्रत्येक आवृत्तीत मुलीची उंची एकेक इंचाने वाढत गेली होती. त्या कुटुंबाचे नाव मी सांगणार नाही. सगळे वाचून झाल्यावर माझ्याकडे तेवढीच सभ्यता शिल्लक राहिली आहे.

त्यातही माझे मन रमले ते जमिनीच्या कागदांत. या मंडळींची शेती सीमेच्या दोन्ही अंगांना असल्यामुळे कागलकडचा मराठी सातबारा आणि निपाणीकडची कन्नड पहाणी, म्हणजे तिकडचा सातबाराच, एकाच फोल्डरात गुण्यागोविंदाने नांदत होती, आणि दोन्हींत आडनाव वेगवेगळे पडले होते. आपल्या भागात 1956 पासून कागद कोणत्या भाषेत मिळावा यासाठी लोकांनी मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या; महाराष्ट्राने 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावाही अजून उभाच आहे. मात्र तोच कागद कोणाच्या हाती पडावा याबद्दल आपल्याकडे कोणताही वाद नाही, कोणाचीही समिती नाही, आणि सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर माणसांच्या गाड्या अडवल्या गेल्या तरी हार्ड डिस्क कधी कोणी अडवल्याचे ऐकिवात नाही. सीमाप्रश्न सुटलेला पाहायचा असेल तर तो अशा एखाद्या लॅपटॉपात पाहावा.

तेव्हा आपण काय करावे? पहिला फोल्डर उघडताच हे आपले नव्हे असे म्हणून झाकण मिटणारी, पुढचे काहीही न उघडता दुकानदाराला लेखी कळवणारी माणसे जगात आहेत, पण त्यांच्या शेजारी राहण्यात काही मजा नसते. आपण सर्व वाचावे. ब्राउझरने जपून ठेवलेले पासवर्डही केवळ जिज्ञासेपोटी चालवून पाहण्याचा मोह होईल. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 66-सी कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे, तरी हिंडलग्याचा तुरुंग आपल्याला घरापासून जवळच पडतो. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 2017 मध्ये एकमताने सांगितले खरे, परंतु ते दिल्लीत सांगितले. संसदेने 2023 मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदाही केला; निव्वळ घरगुती कारणासाठी माहिती हाताळणाऱ्या व्यक्तीला मात्र त्यातून वगळले आहे, आणि मुलीच्या खऱ्या उंचीविषयी आमच्या घरात जी चर्चा झाली तिच्याइतकी घरगुती चर्चा दुसरी कोणती असेल?

इतके सांगूनही आपण दुकानात तक्रार घेऊन गेलातच, तर वाद घालू नये. मी गेलो होतो. "जुना नाही ओ साहेब, डेमो पीस आहे की!" असे दुकानदार म्हणाला. आत एका बाळाचे बारसे झालेले आहे, हे मी त्याच्या निदर्शनास आणले. त्यावर तो तितक्याच शांतपणे म्हणाला, "मग फॉरमॅट मारून देतो की. काय होत नाही त्याला." जुना किंवा दुरुस्त केलेला माल नवा म्हणून विकणे ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे, हे मला ठाऊक होते, पण तोवर त्याने चहा मागवला होता आणि चहा घेतल्यावर कायदा काढणे आपल्याकडे बरे दिसत नाही.

'फॉरमॅट मारणे' या विधीवर आपली श्रद्धा असावी. वास्तविक त्यात घडते ते एवढेच की दारावरची पाटी निघते आणि आतली माणसे जागच्या जागी राहतात. फाइल उडवली किंवा झटपट फॉरमॅट केला, की तिची नोंद तेवढी पुसली जाते. मजकूर त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत जुन्या हार्ड डिस्कवर तसाच पडून असतो आणि फुकट मिळणाऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरनेही परत काढता येतो. परंतु पाटी बदलली की काम झाले, या तत्त्वावर आपला सगळा मुलूख चालतो. 2014 मध्ये बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले, 2024 मध्ये दुकानांच्या पाट्यांवर साठ टक्के कन्नडची सक्ती आली, आणि गटारे दोन्ही वेळी होती तिथेच तुंबत राहिली. मग एका बिचाऱ्या हार्ड डिस्ककडून अधिक अपेक्षा का करावी?

शिवाय हे दुखणे काही आपल्या गल्लीपुरते नाही. अमेरिकेत दोन संशोधकांनी 158 जुन्या हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या आणि 2003 मध्ये निष्कर्ष छापले: चालू स्थितीतल्या 129 पैकी नीट पुसलेल्या भरल्या अवघ्या 12, आणि एक तर चक्क एटीएम यंत्रातून निघालेली होती. विंडोज रिसेट करताना सगळे काढून टाकण्यासोबत ड्राइव्ह स्वच्छ करण्याचाही पर्याय मिळतो, आणि डिस्क पहिल्या दिवसापासून एन्क्रिप्ट करून, म्हणजे सांकेतिक रूपात, ठेवली तर मागे उरलेला मजकूर किल्लीवाचून कोणाला वाचताही येत नाही. पण स्वच्छ करायला कित्येक तास लागतात, आणि तेवढ्या वेळात दुकानदार तीन लॅपटॉप 'नवे' करून विकतो. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपल्यापासून जुन्या यंत्रांना तोटा नाही, तेव्हा ज्यांच्या वाट्याला अजून कुटुंब आले नसेल त्यांनी धीर सोडू नये.

मी आता त्या मंडळींत पुरता मिसळून गेलो आहे. आजोबांच्या ईसीजीची काळजी वाटते, मुलीचे जमले की नाही याची हुरहूर लागते, आणि एकदा कागलला जाऊन यावे, जाताना कुंदा न्यावा, असेही मनात येते. इतकी आपुलकी एकतर्फी असावी याचे जरासे वाईट वाटत होते. पण गेल्या महिन्यात हुबळीहून एका अनोळखी गृहस्थांचा फोन आला. आपण अलीकडेच एक संगणक घेतल्याचे त्यांनी मोठ्या अदबीने सांगितले, आणि मग मी बायकोलाही न सांगितलेली माझी जेवणानंतरची साखर आता कितपत उतरली आहे, याची आस्थेने चौकशी केली.