वीस लिटर बिअरला तीस लिटरचे पातेले पुरत नाही

भरडलेले माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) पिशवीत घालून एकाच भांड्यात बिअर बनवण्याची पद्धत या शतकाच्या पहिल्या दशकात ऑस्ट्रेलियातील हौशी मंडळींनी रुळवली. तिच्याबद्दल नवख्यांना हमखास सांगितले जाते की 20 लिटर बिअरसाठी 30 लिटरचे पातेले पुरते, कमी पडलेच तर पाणी मागाहून घालावे, आणि त्याहून मोठे पातेले घेणे म्हणजे पैशांची उधळपट्टी.

‘दहा लिटर जागा मोकळी राहते’ हा हिशेब तयार बिअरचा आहे, पातेल्यात प्रत्यक्ष काय मावावे लागते त्याचा नव्हे. मध्यम कडक बिअरला 5 किलो माल्ट धरू. आंबवायला 20 लिटर हवे असेल, तर तळाच्या गाळात 2, तासाभराच्या उकळीत वाफ होऊन सुमारे 4 आणि न पिळलेल्या माल्टमध्ये किलोमागे 0.6 म्हणजे 3 लिटर जातात. म्हणून सुरुवातीलाच 29 लिटर पाणी लागते. त्यात माल्ट स्वतः किलोमागे पाऊण लिटरच्या आतबाहेर जागा व्यापते. बेरीज 32 लिटरवर जाते, म्हणजे पिशवी बुडवताच पाणी काठावरून वाहू लागणार. पिशवी काढल्यावर उरलेले 26 लिटर 30 लिटरच्या पातेल्यात मावतात खरे, परंतु पहिल्या उकळीला वर येणारा फेस चार लिटरच्या मोकळ्या जागेला जुमानत नाही.

मागाहून पाणी घालण्याची युक्ती चालते, हे मान्य करायला हवे. मात्र त्याची किंमत मोजावी लागते: कमी पाण्यात भिजलेल्या माल्टमध्ये अधिक साखर अडकून राहते आणि घट्ट द्रावात हॉप्सचा (उकळीत घालायच्या कडू फुलांचा) कडवटपणा कमी उतरतो. पिशवी वेगळ्या पाण्यात धुतली तर बरीचशी साखर परत मिळते. पण मग दुसरे भांडे आले, आणि एका भांड्यात काम उरकण्याची सोय, जिच्यासाठी ही पद्धत निवडली, तीच गेली.

उधळपट्टीचा आक्षेप 40 लिटरला लागू होत नाही, कारण 8 किलो माल्टच्या कडक बिअरला 36 लिटर जागा लागते. साठ लिटरबाबत मात्र तो अंशतः खरा आहे. ऑस्ट्रेलियातील घरच्या साध्या प्लगमधून 2,400 वॉटच मिळतात, आणि तेवढ्यावर भरलेले साठ लिटरचे भांडे धड उकळत नाही.

हेच दीडपटीचे प्रमाण लहान घाण्याला लावले तर अधिकच फसते. दहा लिटरसाठी 15 लिटरचे पातेले घेतले, तरी अरुंद भांड्यातही वाफ निम्म्यावर येत नाही आणि गरज 17 लिटरच्या आसपास जाते.