चाळिशीनंतर ट्रकचं लायसन्स मिळत नाही? साफ खोटं

नाशिकच्या अंबड-सातपूरमधल्या कामगारांच्या ग्रुपांत एक मेसेज फिरतोय: "चाळिशी ओलांडली की हेवी लायसन्स नाही, आणि आठवी पास हवंच." दोन्ही चूक. मोटार वाहन कायदा, 1988 मध्ये व्यावसायिक वाहनासाठी किमान वय 20 आहे. कमाल वयाची अट नाहीच. आठवीची अट 2019 मध्येच रद्द झाली.

घोळ बहुधा फॉर्म 1-ए मुळे झाला असावा. चाळिशीनंतर डॉक्टरांचा हा दाखला साध्या कारच्या लायसन्सलाही लागतो. ट्रकसाठी तर कोणत्याही वयात. आधी वर्षभर कारचं लायसन्स हवं, मग ड्रायव्हिंग स्कूलचं प्रमाणपत्र आणि आरटीओची टेस्ट. ट्रकच्या लायसन्सची मुदत पाच वर्षं.

कंपनी सुटलेल्या भावांनो, या मेसेजपायी पाऊल मागे घेऊ नका. मात्र डोळे आधी तपासा. रात्री कसारा घाट उतरायचाय.